क्यूच्या बागेंत राजाची गांठ : फॅनी बर्नी हिचें अल्पचरित्र

तिसरा जॉर्ज म्हटला म्हणजे आमच्या विद्यार्थ्यांना अमेरिकेंतील वसाहती गमावणारा हट्टी राजा एवढेंच आठवतें, आणि परीक्षेपुरतें तें पुष्कळ झालें. परंतु हाच राजा हिंवाळ्यांतील एका दिवशीं आपल्या बागेंतून एका भित्र्या स्त्रीच्या मागें धांवत सुटला होता आणि ती बाई जिवाच्या आकांतानें पुढें पळत होती, ही हकीगत क्रमिक पुस्तकांत आढळत नाहीं. पळणारी ती स्त्री इंग्लंडांतील नामांकित कादंबरीकर्त्री होती. तिचें नांव फ्रान्सेस बर्नी. घरचीं माणसें तिला फॅनी म्हणत. आपणहि तेंच नांव घेऊं.

१३ जून १७५२ रोजीं नॉर्फोक परगण्यांत किंग्ज लिन या बंदराच्या गांवीं फॅनीचा जन्म झाला. वडील चार्ल्स बर्नी तेथील चर्चमध्यें ऑर्गन वाजवीत. १७६० सालीं तें कुटुंब लंडनला आलें. तेथें संगीतशिक्षक म्हणून वडिलांचा चांगला जम बसला, आणि पुढें संगीताचा मोठा इतिहास लिहून त्यांनीं कीर्तीहि मिळविली. भावंडें पुष्कळ होतीं. फॅनी त्यांत सर्वांत बुजरी. तिला लांबचें नीट दिसत नसे आणि आठव्या वर्षापर्यंत तिला अक्षरओळखहि नव्हती. (हें वाक्य आमच्या कांहीं विद्यार्थ्यांना फार आवडेल अशी मला भीति वाटते.) ती दहा वर्षांची असतां आई वारली. पुढें दोघी बहिणींना शिक्षणासाठीं पॅरिसला धाडलें; फॅनी घरींच राहिली. तिला शिकविलें तें वडिलांच्या पुस्तकांच्या कपाटांनीं.

लिहिण्याचें वेड तिला लहानपणींच लागलें. परंतु कादंबऱ्या लिहिणें कुलीन मुलीला शोभत नाहीं अशी तिकडेहि समजूत होती. आपल्याकडील पणज्या पाटी हातीं धरावयास भीत, त्यांतलाच तो प्रकार. पंधराव्या वाढदिवशीं फॅनीनें आपलीं सर्व हस्तलिखितें, त्यांतील एका पुऱ्या कादंबरीसुद्धां, अंगणांत पेटवून दिलीं. धाकटी बहीण सुझन शेजारीं उभी राहून रडत होती. पण जळालेल्या कादंबरीच्या नायिकेची मुलगी फॅनीच्या मनांत वाढतच राहिली, आणि तिचीच कथा ती चोरून लिहूं लागली. १७६८ पासून तिनें रोजनिशीहि सुरू केली. वडिलांच्या ग्रंथाच्या नकला तीच करीत असल्यामुळें छापखान्यांतील जुळारी आपलें अक्षर ओळखतील या धाकानें तिनें सारी कादंबरी वळण बदलून पुन्हां उतरून काढली, आणि भावानें वेष पालटून ती पुस्तकविक्याकडे पोंचविली. मोबदला मिळाला वीस गिनी.

१७७८ च्या जानेवारींत ‘एव्हेलिना’ निनांवी प्रसिद्ध झाली. डॉ. जॉन्सन यांनीं तिची तोंड भरून स्तुति केली. एडमंड बर्क यांनीं ती रात्र जागून वाचली. वडिलांनाहि आपल्या घरांतच ग्रंथकर्त्री आहे हें कांहीं महिन्यांनीं कळलें. जॉन्सन यांचा अभिप्राय कानीं आला तेव्हां फॅनी आजारांतून उठून वडिलांच्या एका वृद्ध स्नेह्याच्या खेड्यांतील घरीं राहिली होती. आनंदाच्या भरांत ती बाहेर धांवली आणि अंगणांतल्या तुतीच्या झाडाभोंवतीं नाचली. वय वर्षें सव्वीस. १७८२ सालीं ‘सिसिलिया’ ही दुसरी कादंबरी निघाली आणि तिनें पहिलीची कीर्ति वाढविली.

आतां राजाची पहिली भेट. ती बागेंत झाली नाहीं, दिवाणखान्यांत झाली. डिलेनीबाई नांवाच्या पंचायशी वर्षांच्या एका विधवेवर राजा-राणीचा फार लोभ होता. रंगीत कागदाचीं कात्रणें डकवून या बाईंनीं म्हातारपणीं केलेलीं सुमारें हजार फुलांचीं चित्रें आजहि ब्रिटिश म्यूझियममध्यें जपून ठेविलीं आहेत. राजानें त्यांना विंडसर येथें घर दिलें होतें आणि सालिना ३०० पौंडांची नेमणूक. १७८५ च्या डिसेंबरांत फॅनी त्यांच्याकडे पाहुणी होती. नाताळाचे दिवस, जेवणानंतर एका लहान मुलीबरोबर सगळ्यांचा खेळ रंगला होता. इतक्यांत दार उघडलें आणि काळ्या पोषाखांतला, छातीवर तारा असलेला एक धिप्पाड गृहस्थ वर्दी न देतां आंत आला. कोण आहे हें कळतांच सगळीं माणसें भिंतीला पाठ लावून उभीं राहिलीं. फॅनीला तर तेथून निसटावें असेंच वाटलें. परंतु राजानें तिला गांठून तिच्या पहिल्या कादंबरीची सारी हकीगत खोदखोदून विचारली. एकच प्रश्न दोनदोनदां विचारण्याची त्याची संवय होती, आणि हिच्या तोंडून तर एकहि उत्तर धड निघेना. तरी राजा खूष झाला.

या ओळखीचें फळ पुढच्याच वर्षीं मिळालें. राणी शार्लट हिच्या वस्त्रागारावर दुय्यम अधिकारी म्हणून फॅनीला बोलावणें आलें. पगार वर्षाला २०० पौंड, राजवाड्यांत खोल्या, दिमतीला नोकर. डॉ. बर्नी यांना आकाश ठेंगणें झालें. त्यांना स्वतःला नुकतीच राजाच्या वाद्यवृंदाची प्रमुखाची जागा हवी होती, ती मिळाली नव्हती. आतां मुलगीच दरबारांत जाणार, मग मुलांच्याहि नशिबाचे दरवाजे उघडतील असें त्यांना वाटलें. फॅनीला हें बोलावणें म्हणजे शिक्षा वाटली. ती रडली, रात्रभर तळमळली, आणि हो म्हणाली, कारण वडिलांना नाहीं म्हणणें तिला ठाऊकच नव्हतें. डॉ. बर्नी मायाळू होते, मुलीवर त्यांचा जीव होता. परंतु तिला काय हवें हें तिलाच विचारावें, एवढें मात्र त्यांना सुचलें नाहीं. ज्या पालकांच्या हातीं हा अंक पडेल त्यांनीं या ठिकाणीं क्षणभर थांबलें तर बरें.

१७ जुलै १७८६ पासून ही चाकरी सुरू झाली. पहांटे सहाला उठावयाचें, साडेसातच्या सुमारास बोलावणें आलें कीं राणीला पोषाख करावयाचा, दुपारीं पुन्हां तेंच, आणि रात्रीं अकरा-बाराला राणीचे कपडे उतरवून झाले म्हणजे अंथरूण. बोलावणें येई तें घंटेनें. जिच्या लेखणीची वाट देश पाहत होता तिला घंटेसरशीं धांवावें लागे. या घंटेची सल तिच्या मनांतून कधीं गेली नाहीं. राणी स्वभावानें चांगली होती. खरा जाच होता तो वरिष्ठ अधिकारी श्वेलेनबर्गबाई यांचा. या जर्मन बाईंनीं बेडूक पाळले होते आणि त्यांचें डरांव डरांव त्यांना फार गोड वाटे. भर थंडींत गाडीची कांच उघडी ठेवण्याचा त्यांनीं एकदां हट्ट धरला. त्या वाऱ्यानें फॅनीचे डोळे सुजले, तरी कांच वर करूं दिली नाहीं. मोठ्या घरच्या नोकरींत मालकापेक्षां मालकाचा कारभारी जड जातो, हें आपल्या संस्थानिकांच्या प्रजेला सांगावयास नको होतें.

या काळांतला एक प्रसंग आपल्याशीं संबंध असलेला आहे. १३ फेब्रुवारी १७८८ रोजीं वेस्टमिन्स्टर हॉलमध्यें वॉरन हेस्टिंग्ज याच्यावरील खटला सुरू झाला. मराठ्यांशीं लढून शेवटीं १७८२ सालीं सालबाईचा तह करणारा तो हाच गव्हर्नर जनरल. राणीनें दिलेल्या तिकिटावर फॅनी तेथें गेली. फिर्यादीची बाजू मांडणारे बर्क, म्हणजे तिच्या कादंबरीसाठीं झोंप सोडणारे तेच गृहस्थ. पण तिची सहानुभूति राहिली हेस्टिंग्जकडे, आणि तिनें ती लपविली नाहीं. या बाबतींत तिचें चुकलें असें मला वाटतें. परंतु दरबारांतील वाऱ्याचा तो परिणाम असावा.

१७८८ सालचा उत्तरार्ध राजेलोकांना वाईट गेला. ऑगस्टांत दिल्लीला गुलाम कादरानें शहाआलम बादशहाचे डोळे काढले, आणि ऑक्टोबरांत महादजी शिंद्यांच्या फौजांनीं दिल्ली घेऊन त्या दुर्दैवी म्हाताऱ्याला सोडविलें. इकडे हें घडत असतां तिकडे विंडसरला तिसऱ्या जॉर्जाची बुद्धि ढळूं लागली होती. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यांत तो पुरता भ्रमिष्ट झाला. झोंप उडाली, तासन्‌तास बडबड चाले, आवाज बसला तरी बोलणें थांबेना. हा कोणता रोग, याविषयीं आजचे वैद्यहि एकमत नाहींत. विसाव्या शतकांत कांहींनीं तो रक्तांतील एका आनुवंशिक दोषाचा परिणाम ठरविला. अलीकडील बरेच संशोधक त्याला उन्मादाचाच विकार मानतात.

२९ नोव्हेंबर रोजीं राजाला क्यू येथील वाड्यांत आणलें. राणी व मुली तेथें भेटतील असें सांगून त्याला गाडींत बसविलें, आणि पोंचल्यावर भेटूं दिलें नाहीं. वाडा उन्हाळ्यासाठीं बांधलेला. दारांखिडक्यांच्या फटींतून येणारा वारा अडविण्यासाठीं वाळूच्या पिशव्या लावाव्या लागल्या. रोज सकाळीं अंधाऱ्या बोळांत कुडकुडत उभें राहून राजाच्या सेवकांकडून रात्रीची बातमी घ्यावयाची आणि ती राणीला सांगावयाची, हें काम फॅनीकडे आलें. डिसेंबरांत लिंकनशायरहून डॉ. फ्रान्सिस विलिस आपल्या मुलांसह आले. हे धर्मोपदेशक असून वेडाचे वैद्यहि होते. राजाचे हात बांधण्यासाठीं खास बंडी आणली होती. ऐकलें नाहीं तर तिचा उपयोग होई. पार्लमेंटांत राजपुत्राला कारभार द्यावा कीं नाहीं, द्यावा तर किती, यावर पिट व फॉक्स यांची जुंपली होती. सक्त हुकूम असा होता कीं कोणीहि राजाच्या दृष्टीस पडूं नये.

घरांत कोंडून घेतल्यानें फॅनीची प्रकृति बिघडत चालली होती, म्हणून तिला रोज फिरण्यास सांगितलें होतें. २ फेब्रुवारी १७८९ रोजीं तिनें डॉ. जॉन विलिस यांना नेहमीप्रमाणें विचारलें कीं आज कोणत्या बागेंत गेलें असतां धोका नाहीं. राजा रिचमंडच्या बाजूस जाणार आहे, तेव्हां क्यूच्या बागेंत खुशाल फिरावें असें त्यांनीं सांगितलें. कधीं चुकून राजाची नजर पडलीच तर आपलें नांव न घेतां आपल्याला पळूं द्यावें, अशी विनंतिहि तिनें करून ठेविली होती.

ती निघाली. जवळजवळ अर्धी फेरी झाली असेल, तों झाडांतून दोनतीन माणसें दिसलीं. लांबचें नीट दिसत नाहीं हें वर सांगितलेंच आहे. माळी असतील म्हणून ती तशीच पुढें गेली. जवळ जातां जातां त्यांतील एक आकृति ओळखीची वाटली. तो राजा होता. मागें न पाहतां तिनें पळ काढला. पाठीमागून बसलेल्या, घोगऱ्या आवाजांत तिच्या नांवाच्या हांका येऊं लागल्या, आणि पावलांचा आवाजहि. राजा धांवत होता. दोघे विलिस त्याच्यामागें, आणि सेवक त्यांच्यामागें. वाटा सगळ्या वेड्यावांकड्या. समोरून राजाच आला तर काय, हें दुसरें भय. एक सेवक थांबा थांबा म्हणून ओरडत होता, तरी ती थांबेना. शेवटीं त्यानें सांगितलें कीं धांवल्यानें राजाला अपाय होईल, आणि थांबण्याविषयीं डॉक्टरांचें सांगणें आहे.

तेव्हां ती थांबली. थांबलीच नव्हे, वळून सरळ राजाकडे चालत गेली. आयुष्यांत एवढें धैर्य आपण दुसऱ्या कोणत्याहि वेळीं केलें नाहीं असें तिला पुढें वाटे. मला विचाराल तर, वडिलांच्या इच्छेपुढें आणि घंटेपुढें निमूट मान वांकविणारी ही बाई त्या चार पावलांत निराळीच दिसते. आपल्या पळण्यानें एका आजारी माणसाला इजा होत आहे एवढें कळलें, आणि पाय वळले.

राजानें जवळ येऊन दोन्ही हात तिच्या खांद्यांवर ठेविले. आतां हा आपल्याला चिरडणार असें तिच्या मनांत आलें, आणि तोंच त्यानें तिच्या गालाचें चुंबन घेतलें. दोघे विलिस शेजारीं हंसत उभे होते. त्यांना यांत कांहीं भिण्यासारखें दिसलें नाहीं. मग राजा तिला बाजूस घेऊन बोलूं लागला. दरबारांतील चालीरीति, मोठ्यांसमोर तोंड मिटून उभें राहणें, सगळें त्या बागेंत गळून पडलें होतें. श्वेलेनबर्गबाईंचा जाच आपल्याला ठाऊक आहे, त्यांना भिऊं नको, मी तुझा पाठीराखा आहें, असें त्यानें तिला सांगितलें. इतकीं वर्षें ज्या दुःखाचा तिनें दरबारांत चकार शब्द काढला नव्हता, तें शहाण्या माणसांच्या दरबारांत कोणी बोलून दाखविलें नाहीं. बोलला तो ज्याला सगळे वेडा म्हणत होते तो.

मग तिच्या वडिलांची चौकशी झाली. त्यांच्या संगीताच्या इतिहासावरून गोष्ट हँडेलवर आली. हँडेल हा राजाचा अत्यंत आवडता. त्याच्या गोष्टी सांगतां सांगतां राजा त्याच्या ऑरेटोरिओंतील भाग गाऊन दाखवूं लागला. पण आवाज इतका बसलेला कीं ऐकवेना. शौल राजाला दुष्ट आत्मा छळी तेव्हां दावीद वीणा वाजवी आणि राजाला बरें वाटे, ही जुन्या करारांतील कथा आपल्या मुलांना पाठ आहे. त्याच शौलावर हँडेलनें १७३८ सालीं एक ऑरेटोरिओ रचला होता. क्यूच्या बागेंत दावीद कोणीच नव्हता. आजारी राजा स्वतःच गात होता, आणि ऐकणारी उभी होती ती जिचे हात अजून कांपत होते.

पुढें डिलेनीबाईंचें नांव निघालें. त्या आदल्या वर्षीं एप्रिलांत वारल्या होत्या. राजाच्या डोळ्यांत पाणी आलें. त्यांच्या मृत्यूची केलेली नोंद तिला दाखविण्यासाठीं त्यानें खिशांतून टिपणवही काढून बराच वेळ चाळली, पण ती सांपडली नाहीं. आपण बरे झालों म्हणजे कोणाकोणाला अधिकारावरून काढणार, कोणाला नेमणार, याचीहि यादी तयार होती. डॉक्टर मधून मधून आटोपतें घेण्यास सुचवीत. राजा अजून थोडें, अजून थोडें म्हणून वेळ काढी. शेवटीं त्यानें पुन्हां तिचा प्रेमानें निरोप घेतला आणि तो गेला. फॅनी वाड्यांत परत येऊन थेट राणीकडे गेली. राणीनें सगळी हकीगत पुन्हां पुन्हां सांगावयास लाविली. त्या बाईला दोन महिन्यांवर नवऱ्याचें मन असें कोणी उलगडून सांगितलें नव्हतें.

त्याच महिन्याच्या अखेरीस राजा बरा झाल्याचें जाहीर झालें आणि राजपुत्राच्या कारभाराचें विधेयक जागच्या जागीं राहिलें. मार्चांत क्यूला रोषणाई झाली, तेव्हां फॅनीनें राणीसाठीं रचलेल्या ओळी पांच वर्षांच्या राजकन्या अमिलियानें गुडघे टेकून बापाच्या हातीं दिल्या. २३ एप्रिल रोजीं सेंट पॉलच्या मंदिरांत उपकारस्तुतीची उपासना झाली. उन्हाळ्यांत हवापालटासाठीं सगळे वेमथला गेले. तेथें राजानें समुद्रांत बुडी मारतांच शेजारच्या गाडींतील वाजंत्री राष्ट्रगीत वाजवूं लागले.

फॅनीची प्रकृति मात्र सुधारली नाहीं. १७९० च्या मे महिन्यांत हँडेलच्या स्मरणार्थ झालेल्या एका संगीतप्रसंगीं तिला वडिलांशेजारीं बसावयास मिळालें, आणि तेथें तिनें मन उघडें केलें. बापाची मान खालीं गेली. तूं परत ये असें त्यांनीं सांगितलें. तरी सुटका होण्यास वर्षावर गेलें. ७ जुलै १७९१ रोजीं, सालिना १०० पौंडांच्या नेमणुकीवर, ती राजवाड्यांतून बाहेर पडली.

पुढील आयुष्य थोडक्यांत सांगतों. फ्रान्समधील राज्यक्रांतीमुळें परागंदा झालेला अलेक्झांडर दार्ब्ले नांवाचा एक सेनाधिकारी सरे परगण्यांत राहत होता. तो निर्धन, परदेशी आणि रोमन कॅथॉलिक. वडिलांचें मन नव्हतें. या वेळीं मात्र फॅनीनें आपल्या मनाचें ऐकलें. २८ जुलै १७९३ रोजीं विवाह झाला, तेव्हां ती ४१ वर्षांची होती. वडील लग्नास आले नाहींत, पण पुढें जांवई त्यांना आवडूं लागला. एक मुलगा झाला. १७९६ सालीं ‘कॅमिला’ कादंबरी वर्गणीदार मिळवून छापली; त्या वर्गणीदारांत जेन ऑस्टेन हिचें नांव आहे. त्या पैशांतून दोघांनीं घर बांधलें. १८०२ सालीं फ्रान्सला गेल्यावर युद्धामुळें दहा वर्षें तिकडेच अडकून पडावें लागलें. १८११ सालीं पॅरिस येथें बॅरन लारे या नेपोलियनच्या शस्त्रवैद्यानें तिच्या छातीवर शस्त्रक्रिया केली. गुंगीचें औषध तेव्हां नव्हतेंच. थोडी मदिरा आणि तोंडावर एक हातरुमाल, एवढ्यावर तिनें ती सोसली, आणि त्यानंतर ती २८ वर्षें जगली. नवरा १८१८ सालीं गेला. मुलगा धर्मोपदेशक झाला होता, तोहि १८३७ सालीं आईच्या आधीं गेला. ६ जानेवारी १८४० रोजीं, वयाच्या ८७ व्या वर्षीं, फॅनीनें लंडन येथें देह ठेविला. बाथ शहरीं तिची कबर आहे.

राजाचा रोग १८१० सालीं पुन्हां उलटला आणि मग हटला नाहीं. आंधळा होऊन तो विंडसरला १८२० सालीं वारला.

फॅनीची रोजनिशी १८४२ पासून तिच्या भाचीनें प्रसिद्ध केली. आपल्याकडील पीनल कोडाचा मसुदा करणारा मेकॉले हिंदुस्थानांतून परतला होता. त्यानें १८४३ सालीं तिच्यावर लांबलचक लेख लिहिला आणि मुलीला चाकरींत लोटणाऱ्या बापाची चांगलीच कानउघाडणी केली. क्यूचा तो वाडा तोंपर्यंत उरला नव्हता; १८०२ सालीं तो पाडून टाकला. त्याच्या जागीं हिरवळींत एक सूर्यघड्याळ उभें आहे. भोंवतालची बाग जगांतील वनस्पतींचें मोठें संग्रहस्थान झाली; निलगिरीच्या डोंगरांवर सिंकोना लागला त्यांतहि तिचा हात होता. आज तिकीट काढून कोणासहि त्या वाटांवरून फिरतां येतें, आणि कोणत्या बाजूस जावें हें आधीं डॉक्टरांना विचारावें लागत नाहीं.